रंग दिसला, गुणपत्रिका कोणी बघितली?

बेळगाव-खानापूरच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘प्राथमिक आरोग्य केंद्राचं मूल्यांकन म्हणजे भिंती रंगवायचं नाटक. प्रमाणपत्र मिळालं की पुन्हा जैसे थे. बक्षीस डॉक्टर वाटून घेतात. त्यापेक्षा तो पैसा औषधांना द्या.’

रंगाचं खरं आहे. परीक्षक यायच्या आठवड्यात डिस्टेंपरचा वास येतोच. पण हे मूल्यांकन ज्या राष्ट्रीय गुणवत्ता मानकांवर होतं, त्यांत प्रत्येक बाबीला शून्य, एक किंवा दोन गुण असतात, आणि ते बघून, कर्मचाऱ्यांना विचारून, नोंदवह्या चाळून, रुग्णांशी बोलून द्यायचे असतात. लसींच्या फ्रीजचंच घ्या. तापमान 2 ते 8 अंशांत हवं आणि दिवसातून दोनदा लिहायचं. पावसाळ्यात खानापूरकडे वीज तासन्‌तास जाते, आणि वहीत महिनाभर एकाच पेनाने ‘4, 4, 4’! जाणता परीक्षक त्याच पानावर बोट ठेवतो.

प्रमाणपत्र तीन वर्षांचं असतं. मधल्या दोन वर्षांत राज्याने फेरतपासणी करायची, मग नव्याने अर्ज. गाडी घसरते ती या मधल्या काळात. ज्या नर्सबाईंनी सगळी घडी बसवली त्यांची बदली होते आणि नव्या बाईंना कोणी फाईलसुद्धा दाखवत नाही. तपासणीच बंद केली तर ही घसरण कोणाच्या लक्षात येणार?

बक्षिसाचं म्हणाल, तर 2015 च्या ‘कायाकल्प’ या सरकारी रुग्णालयांच्या स्वच्छतेच्या पुरस्कार योजनेत जिल्ह्यातल्या पहिल्या प्राथमिक आरोग्य केंद्राला दोन लाख ठरले. त्यातला पाऊण हिस्सा केंद्राच्या सुधारणेला, पाव हिस्सा कर्मचाऱ्यांना. एवढ्यात जिल्ह्याची औषधं भागतील असं मेसेज लिहिणाऱ्यालाही वाटत नसावं.

मेसेजमध्ये नाही ती खरी खोट वेगळीच. परीक्षक कानडीत विचारतो, आमची आजी मराठी. ती ‘बरं हाय की’ म्हणून मोकळी होते, आणि दुभाषा कोण, तर त्याच केंद्राचा कर्मचारी! त्याच्यासमोर ती तक्रार काय करणार? दुभाषा बाहेरचा हवा, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.

आणि केंद्राच्या कारभारावर लक्ष ठेवणाऱ्या आरोग्य रक्षा समितीत तुमच्या पंचायतीचं कोणी असेल, तर पुढच्या बैठकीत त्यांना मागच्या तपासणीची गुणपत्रिका मागायला सांगा. शून्य कशाकशाला पडलं, तेवढंच आधी वाचा. समितीने टाळलं तर माहिती अधिकाराचा अर्ज आहेच, शुल्क दहा रुपये.