वीस मिनिटांचं धरण

लग्नानंतर आमची पहिली सहल खडकवासल्याला गेली. दुसरी पानशेतला, तिसरी वरसगावला. नवरा निसर्गप्रेमी मिळाला म्हणून मी माहेरी कौतुक सांगत होते. चौथ्या वेळी ह्यांनी गेटच्या चौकीदाराला नावाने हाक मारली, तेव्हा उलगडा झाला. मी सहलीला नव्हे, साइट व्हिजिटला येत होते.

चौतीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढलेल्या ह्या माणसाच्या ऑफिसात टेबलाच्या काचेखाली दोन फोटो होते. एक गणपतीचा, दुसरा अमेरिकेतल्या हूवर धरणाचा. माझा नव्हता. असो. तर चिरंजीवांनी ‘बाबांचं स्वप्न’ म्हणून लास वेगासहून एका दिवसाची सहल बुक केली. सकाळी हूवर धरण, दुपारी ग्रँड कॅन्यन, रात्री परत. अंतर विचारलं तर म्हणाला, “जाताना साडेचारशे किलोमीटर, आई. रस्ते चांगले आहेत.” म्हणजे पुण्याहून गोव्याला जायचं, समुद्राला हात लावायचा आणि त्याच दिवशी सदाशिव पेठेत झोपायला यायचं.

पहाटे साडेपाचला हॉटेलच्या दारात उभं राहायचं होतं. राहिलो. मग बसने वेगासमधली सगळी हॉटेलं फिरून माणसं गोळा केली आणि सव्वासातला आम्ही पुन्हा आमच्याच हॉटेलवरून गेलो. आतमध्ये लोक शांतपणे नाश्ता करत होते. माझ्या पिशवीत तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लसणीची चटणी होती, पण बसमध्ये खायला बंदी. बाहेर वाळवंट, आत एसी असा की मी शाल काढली. वेगासच्या उन्हाळ्यात शाल कशाला, असं म्हणून सुनेने ती दोनदा बॅगेतून बाहेर काढली होती. मी तिसऱ्यांदा भरली होती.

गाईड गमत्या होता. ‘डॅम’ म्हणजे धरण, पण तशाच उच्चाराची इंग्रजीत एक सौम्य शिवीही आहे; त्यावर होणारी कोटी त्याने अर्ध्या तासात अकरा वेळा केली. डॅम फोटो, डॅम टॉयलेट, डॅम टी-शर्ट. बस खिदळत होती. आमचे हे गंभीर. चौतीस वर्षं ज्या शब्दावर पगार घेतला, त्याला कोण हसणार?

“धरणासाठी वीस मिनिटं,” गाईडने जाहीर केलं.

ह्यांचा चेहरा बघून मी पर्समधली बी.पी.ची गोळी चाचपली. २२१ मीटर उंचीचं धरण, कोलोरॅडो नदीवर, भर वाळवंटात, १९३१ ते १९३६ या काळात बांधलेलं, आणि वीस मिनिटं? त्यातली सात प्रसाधनगृहाच्या रांगेत गेली. उरलेल्या तेरांत ह्यांनी मला काँक्रीट समजावलं. काँक्रीट घट्ट होताना तापतं. एवढं एका दमात ओतलं असतं तर निवायला शंभराहून जास्त वर्षं लागली असती आणि तडे गेले असते ते वेगळेच. म्हणून ठोकळे-ठोकळे ओतले आणि आतून नळ्या घालून गार पाणी खेळवलं. “आपल्याकडे असतं तर?” मी विचारलं. “निवण्याची वाट बघत दर पाच वर्षांनी सुधारित अंदाजपत्रक काढलं असतं,” हे म्हणाले. निवृत्तीनंतर माणूस खरं बोलायला लागतो.

धरणाच्या एका टोकाला नेवाडा, दुसऱ्या टोकाला ॲरिझोना. पाण्यातल्या मनोऱ्यांवर दोन घड्याळं, दोन्ही राज्यांच्या वेळेची. मे महिना होता, त्यामुळे दोन्हींत एकच वेळ. एरवी नेवाडा तासभर मागे; उन्हाळ्यात ते काटे पुढे करतं, ॲरिझोना करत नाही म्हणे. मग दोन घड्याळं कशाला, असा अस्सल पुणेरी प्रश्न मला पडला. खरं घड्याळ तिसरंच, गाईडच्या मनगटावरचं. त्याने टाळ्या वाजवल्या. हे कठड्यावरून वाकून मागचा लेक मीड जलाशय बघत होते. काठच्या खडकांवर लांबच लांब पांढरा पट्टा होता. “पाणी उतरलंय. क्षार राहिलेत,” एवढंच म्हणाले आणि बसमध्ये चढले. वाढपी पुढे गेल्यावर पंगतीत बसलेला माणूस जसा गप्प होतो, तसे गप्प.

पुढे चार तास रस्ता सरळ. किंगमन येऊन गेलं म्हणतात, मी घोरत होते.

ग्रँड कॅन्यनविषयी मी काय सांगू? कठड्यापाशी गेले आणि बडबड थांबली. माझी! दीड किलोमीटरहून खोल दरी, थरावर थर, तांबडे, पिवळे, जांभळे. तळातल्या खडकाचं नाव ‘विष्णू शिस्ट’, वय सुमारे १७० कोटी वर्षं. आपला सह्याद्री त्याच्यापुढे कालचं पोर, साडेसहा कोटींचं. समोरच्या सुळक्यांचीही नावं विष्णू टेंपल, ब्रह्मा टेंपल, शिवा टेंपल. एकोणिसाव्या शतकात क्लॅरन्स डटन नावाच्या भूशास्त्रज्ञाने अशा नावांची प्रथा पाडली. मी चप्पल काढून हात जोडले. शेजारच्या जपानी बाईंनीही जोडले. इथे गार वारा सुटला होता, उंचीच सात हजार फूट. सून शाल मागायला आली. दिली. दोनदा सुनावून दिली.

पुऱ्या खाल्ल्या त्या इथेच, कड्याकडे तोंड करून. हे मात्र दरीच्या तळाशी नदीची बारीक रेघ शोधत होते. सापडल्यावर म्हणाले, “सकाळी अडवलेली ती हीच.”

रात्री दहाला हॉटेलवर पोचलो. माझे पाय बुटात मावत नव्हते.

पुण्यात परतलो त्याच आठवड्यात गुरुवारी पाणी बंद. मोरीतलं पिंप तळाला गेलं होतं आणि आतून, अर्ध्या उंचीवर, पांढरा पट्टा उमटला होता. हे पिंपात डोकं घालून उभे. हाक मारली, उत्तर नाही. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या, तरी तसेच. शेवटी मी दारात जाऊन टाळ्या वाजवल्या.

“वीस मिनिटं झाली! चला, बस सुटतेय.”