पुदिना, दालचिनी आणि पीओपी

कोथरूडमधल्या आमच्या चोवीस फ्लॅटच्या सोसायटीचा मी सहा वर्षं सेक्रेटरी आहे. या पदासाठी लागणारी पात्रता माझ्याकडे होती. निवडणुकीच्या सभेला मी हजर नव्हतो. सहा वर्षांत मी एकच विद्या कमावली, ती म्हणजे निर्णय आपण घ्यायचा नाही, सभेपुढे ठेवायचा. जिन्याला कुठला रंग द्यायचा? सभेपुढे. सभा तो पुढच्या सभेवर ढकलते. मधल्या काळात आहे तो रंग उडतो आणि उरलेली भिंत एकमताने मंजूर होते.

अशा माणसावर एकट्याने निर्णय घ्यायची वेळ आली ती गेल्या ऑक्टोबरात. विंडोज १० ची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. सोसायटीचे हिशेब, नोटिसा, पाणीपट्टीची भांडणं हे सगळं ज्या लॅपटॉपवर आहे तो २०१६ चा. विंडोज ११ ने त्याच्या प्रोसेसरकडे एक नजर टाकली आणि ‘पात्र नाही’ म्हणून परत पाठवला. नवा लॅपटॉप घ्यायचा म्हणजे विषय सभेपुढे आला. म्हणून मी बंगळुरूला भाच्याला फोन लावला.

“मामा, लॅपटॉप धडधाकट आहे. विंडोज काढ आणि त्या जागी लिनक्स टाक. तीही संगणक चालवणारी सिस्टिमच.”

“बरं. कुठलं?”

किराणा दुकानात ‘तांदूळ द्या’ म्हणणारा माणूस जेवढा भोळा, तेवढ्याच भोळेपणाने मी हे विचारलं.

फोन स्पीकरवर होता. आत फराळाचं चाललं होतं. भाचा म्हणाला, “लिनक्सचे बरेच प्रकार आहेत, नवीन माणसाला मिंट बरं.” मी कागदावर लिहिलं, मिंट. “आता मिंटमध्ये सिनॅमन घेणार, माते घेणार, की एक्सएफसीई?”

“माते कोण?”

“एम-ए-टी-ई लिहितात, माते म्हणतात. दक्षिण अमेरिकेत एका झाडाच्या पानांचा काढा पितात ना, त्याचं नाव.”

म्हणजे पुदिना घ्यायचा आणि त्यात एक तर दालचिनी, नाही तर काढा. मी हे मोठ्याने म्हणून खात्री करून घेतली. आतून आवाज आला, “अहो, सर्दी कुणाला झालीय?”

भाच्याचं पुढे चालूच. मिंटच्या प्रत्येक आवृत्तीला बाईचं नाव असतं, शेवटी ‘आ’ येणारं. अठरावी सारा, एकोणिसावी तारा, एकविसावी व्हेनेसा, बाविसावी विल्मा. परवा सप्टेंबरात बावीस पूर्णांक दोन आली, ती झारा. मी जरा काळजीनेच म्हणालो, “म्हणजे तारा आता जुनी झाली म्हणतोस. मग झाराच आणतो.”

“झारा आहे घरात,” आतून उत्तर आलं. “हातातच आहे माझ्या. दुसरा आणू नका.”

खरं तर इथेच थांबायला हवं होतं. पण सेक्रेटरीला इतिहास कळल्याशिवाय फाइल बंद करवत नाही. तीन प्रकार मुळात कशाला, असं मी विचारलं. भाच्याने सांगितलं ते माझ्या भाषेत असं : ग्नोम नावाची, म्हणजे पडद्यावरच्या मांडणीची, एक जुनी, सगळ्यांच्या सवयीची इमारत होती. २०११ मध्ये तिचं रीडेव्हलपमेंट झालं. नव्या प्लॅनमध्ये मेनू, खालची पट्टी, सगळ्याच्या जागा बदललेल्या. काही सभासद म्हणाले, आम्हाला आमची जुनीच खोली हवी, आम्ही पाडू देणार नाही. त्यांनी जुनी इमारत डागडुजी करून राखली, ती माते. मिंटवाले म्हणाले, पाया नवा असू दे, पण दर्शनी भाग आम्हाला पहिल्यासारखा करून द्या. ती सिनॅमन. आणि एक्सएफसीई म्हणजे शेजारची लहानशी चाळ. रीडेव्हलपमेंटशी तिचा संबंधच नाही. जागा कमी, खर्च कमी, बोधचिन्ह उंदराचं. मला तिथे लगेच घरच्यासारखं वाटलं.

“आणि मामा, एक चौथी पण आहे. एलएमडीई.”

मिंट हे उबुंटू नावाच्या दुसऱ्या लिनक्सवर उभं आहे आणि उबुंटू डेबियन नावाच्या तिसऱ्या लिनक्सवर. १९९३ पासूनचा मूळ मालक डेबियन, २००४ पासूनचा भाडेकरू उबुंटू, आणि मिंट हा पोटभाडेकरू. उद्या उबुंटूने जागा सोडली तर काय, या भीतीने मिंटवाल्यांनी एक खोली थेट मालकाकडून घेऊन ठेवली आहे. ती एलएमडीई. पोटभाडेकरूंची ही दूरदृष्टी आमच्या बी विंगमध्ये कुणाला दिसली असती तर माझी अर्धी फाइल रिकामी असती.

आता निवड. मी सिनॅमन, माते आणि एक्सएफसीई या तिन्ही आवृत्त्या उतरवून घेतल्या. प्रत्येक जवळजवळ तीन जीबी. मिंटची एक सोय चांगली आहे. पेनड्राइव्हवर घालून न बसवताच चालवून बघता येतं, सँपल फ्लॅट दाखवतात तसं. तीन रात्री मी तीन सँपल फ्लॅट हिंडलो. तिन्हींत वॉलपेपर तेच, तेच फोल्डर, डाव्या कोपऱ्यात तोच मेनू. फरक शोधायला मी तक्ता आखला : उघडायला लागणारा वेळ, अक्षराचा आकार, मराठी टाइप करताना जोडाक्षर तुटतं का. जोडाक्षर तिन्हीकडे शाबूत होतं. एका रात्री तर अर्धा तास वाटत राहिलं, माते खरोखर चपळ आहे. मग लक्षात आलं, पेनड्राइव्ह सिनॅमनचाच लावलाय.

शेवटी राहवलं नाही आणि चेअरमनसाहेबांच्या कानावर घातलं. त्यांनी तक्ता न बघताच विचारलं, “मेंटेनन्स कुणाचा कमी?”

म्हटलं, “तिन्ही फुकट आहेत.”

“मग तुम्हाला सांगतो, काहीतरी गडबड आहे.”

अखेर सिनॅमनची निवड झाली. कारण नोंदवून ठेवतो : उतरवून घ्यायच्या पानावर ती पहिली होती.

बसवणं वीस मिनिटांत झालं. त्यात दोनच जागी अडलो. कीबोर्ड विचारताना यादीत ‘इंग्लिश, इंडिया, विथ रुपी’ असा पर्याय दिसला आणि मन भरून आलं. उजवं ऑल्ट दाबून चार मारला की रुपयाचं चिन्ह उमटतं. थकबाकीची नोटीस लिहिणाऱ्याला याहून जास्त काय हवं? दुसरी जागा म्हणजे जगाचा नकाशा. तुम्ही कुठे राहता म्हणून विचारतो. मी नेम धरून पुण्यावर टिचकी मारली. खाली आलं, कोलकाता. जरा डावीकडे मारली, तरी कोलकाता. या संगणकाच्या लेखी अख्खा भारत कोलकात्यात राहतो. पुणेरी माणसाने हे निमूट मान्य करून ‘पुढे’ दाबलं, याची नोंद कुठेही झालेली नाही.

आणि मग मेल.

आमच्या सोसायटीचा स्वतःच्या डोमेनवरचा ईमेल पत्ता आहे. तो मी लॅपटॉपवर, चेअरमन त्यांच्या संगणकावर आणि खजिनदार त्यांच्या मोबाइलवर बघतात. खजिनदार बँकेतून निवृत्त झालेले, वय अठ्ठ्याहत्तर. टेबलावर आलेला कागद त्याच दिवशी हातावेगळा करायचा, हे त्यांचं व्रत. मोबाइल वाजला की ते चष्मा लावतात, मेल वाचतात आणि लगेच उत्तर देतात. त्यांच्या या गुणावर सोसायटी चालते. तो गुण इथे सांगून ठेवतो.

मिंटमध्ये मेल बघायचं थंडरबर्ड आधीपासून घातलेलं असतं. नाव द्या, पत्ता द्या, पासवर्ड द्या, बाकीचं मी बघतो, असा त्याचा थाट. मोठ्या कंपन्यांचे पत्ते त्याला पाठ असतात. आमचा पत्ता वाचून मात्र त्याने थोडा वेळ विचार केला आणि मराठी कार्यालयात म्हणतात तसं सांगितलं : सेटिंग सापडत नाहीत, स्वतः भरा.

फॉर्म उघडला. येणाऱ्या मेलचा सर्व्हर वेगळा, जाणाऱ्या मेलचा वेगळा. येण्याला ९९३ किंवा ९९५ नंबरचा दरवाजा, जाण्याला ४६५ किंवा ५८७. दरवाजाला कुलूप कुठलं, एसएसएल की स्टार्ट-टीएलएस? मी ५८७ ला एसएसएल लावून पाहिलं. चाक फिरत राहिलं. चहा झाला, चाक फिरतंय. ५८७ ला स्टार्ट-टीएलएस लागतं आणि ४६५ ला एसएसएल, हे कळायला साडेअकरा वाजले. पार्किंगमध्ये चुकीच्या गाळ्यात गाडी लावली तर निदान कुणीतरी येऊन भांडतं तरी. इथे ‘चुकलं’ म्हणायलाही कोणी नाही.

सगळ्यात वर एक साधा प्रश्न होता, जो मी साधेपणानेच सोडवला : मेल आणायची पद्धत कुठली, आयमॅप की पॉप-३? भाचा झोपला होता. मी तर्क लढवला. पॉप-३ च्या पुढे तीन आहे, म्हणजे दोनदा सुधारून झालेलं दिसतंय. शिवाय पॉप म्हणजे पोस्ट ऑफिस प्रोटोकॉल. पोस्टावर विश्वास ठेवणारी आमची पिढी. (आयमॅपही खरं तर चौथा आहे, पण तो आकडा मिरवत नाही. आमच्याकडे न मिरवणाऱ्याला कोण विचारतो?) मी पॉप-३ केलं, ९९५ लिहिलं आणि मेल धो धो यायला लागली. तीन हजार आठशे. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री मी कारीट फोडल्याच्या आनंदात झोपलो.

चौदा दिवस काही झालं नाही. पंधराव्या दिवशी, तुळशीच्या लग्नाच्या सकाळी, खजिनदारांचा फोन.

“सेक्रेटरी, सोसायटी गेली.”

“कुठे?”

“मेलमधून. सहा वर्षांचा पत्रव्यवहार. लिफ्टवाल्याचं पत्र, ऑडिटरचं पत्र, बी विंगची नोटीस. माझ्या मोबाइलमध्ये फक्त दिवाळीनंतरचं दिसतंय.”

पाठोपाठ चेअरमन. त्यांनी ‘बी विंगची नोटीस’ हे शब्द अशा स्वरात उच्चारले की ती फाइल नाहीशी होण्यात माझा काही फायदा आहे का, हे मी स्वतःच तपासायला लागलो.

भाच्याला उठवलं. त्याने एकच विचारलं, “मामा, पॉप लावलंस?” आणि मग बराच वेळ हसला. आयमॅप म्हणजे पत्रं पोस्टातच राहतात, आपण तिथे जाऊन वाचायची; दहा जणांनी वाचली तरी पेटी भरलेली. पॉप म्हणजे पत्रं घरी न्यायची आणि पेटी रिकामी करायची. हे ज्या काळात ठरलं त्या काळात, म्हणजे १९८८ च्या सुमारास, माणसाकडे संगणक असला तर एकच असायचा आणि सर्व्हरवर जागा बेताची. थंडरबर्ड बिचारं सभ्य. ते पत्रं लगेच उचलत नाही. सेटिंगमध्ये आत एका पानावर लिहून ठेवतं की मेल सर्व्हरवर ‘जास्तीत जास्त १४ दिवस’ राहू देईन. त्या चौकटीत आधीच खूण केलेली होती. नोटीस लावलेली होती, कालावधी दिलेला होता, मुदत संपल्यावर कारवाई झाली. मी सेक्रेटरी म्हणून यात कायदेशीर दोष काढू शकलो नाही.

हिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “पीओपी आणलंत म्हटल्यावर अजून काय होणार? शाडूचं घ्यायचं होतं.”

सुदैवाने गेलेलं काहीच गेलं नव्हतं. तीन हजार आठशे पत्रं माझ्या लॅपटॉपमध्ये सुखरूप होती. भाच्याने उपाय सांगितला : तोच पत्ता आयमॅपने पुन्हा जोड, पॉपच्या पेटीतली सगळी पत्रं निवड आणि ओढून आयमॅपच्या पेटीत टाक. ती आपोआप सर्व्हरवर चढतील. मी कंट्रोल आणि ए दाबलं, सहा वर्षं माउसच्या टोकाला धरली आणि अलगद वरच्या पेटीत सोडली. खाली हिरवी पट्टी मुंगीच्या पावलाने सरकायला लागली. रात्रीचे अकरा वाजले होते. चेअरमनना कळवलं, “सकाळपर्यंत सगळं जागेवर असेल,” आणि झोपलो.

एक बारकी गोष्ट नजरेतून सुटली होती. पॉपला कुठलं पत्र वाचलेलं आणि कुठलं नाही हे कळत नाही. त्यामुळे माझ्या लॅपटॉपमधली तीन हजार आठशेच्या तीन हजार आठशे पत्रं न वाचलेली, ठळक अक्षरातली होती. तशीच ती एकेक करून सर्व्हरवर चढत होती, म्हणजे खजिनदारांच्या उशाशी नवी मेल येत होती.

सकाळी ‘पाठवलेली’ पेटी उघडली. पहाटे दोनपासून पाचपर्यंत खजिनदारांनी एक्केचाळीस पत्रांचा निपटारा केला होता. २०१९ च्या टँकरच्या तक्रारीवर ‘उद्या सकाळी पाणी येईल’. लॉकडाऊनमध्ये कामवालीला आत सोडायचं का, यावर ‘सभेपुढे ठेवू’. २०२१ मध्ये बाराव्या फ्लॅटच्या बाथरूममध्ये गळती होत होती, त्यावर ‘दिलगीर आहोत, आज दुपारी प्लंबर पाठवतो’.

बाराव्या फ्लॅटवाले तीन वर्षांपूर्वी जागा विकून नागपूरला गेले. त्यांचं उत्तर सात वाजताच आलं होतं.

“जरूर पाठवा. इथेही गळतंय. सोबत नवा पत्ता देत आहे.”