बारावीला ५८ गुण आणि एम.एस्सी. फिजिक्स

माझी भाची बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. परवा तिने विचारले, "मामा, बारावीला फिजिक्समध्ये ५८ होते. मी एम.एस्सी.ला जावे का?" मी महाविद्यालयात हाच विषय शिकवतो आणि हा प्रश्न मला दरवर्षी कोणी ना कोणी विचारतो, पण घरातून आला की उत्तर जपून द्यावे लागते.

बारावीचे ७० गुण लेखीचे, ३० प्रात्यक्षिकाचे. प्रात्यक्षिकाचे गुण किती सढळ हाताने दिले जातात हे आपण सगळेच जाणतो, त्यामुळे ५८ म्हणजे लेखीत तिशीच्या आसपास. हे मी तिला स्पष्टच सांगितले. मात्र ते गुण व्याख्या आणि सिद्धता पाठ न केल्यामुळे गेले की गणित न जमल्यामुळे गेले, हे त्या आकड्यातून कळत नाही, आणि पुढच्या अभ्यासासाठी नेमके तेच कळायला हवे.

म्हणून मी तिला एक उदाहरण दिले: दोन भिंतींच्या मध्ये तीन सारख्या स्प्रिंगांनी जोडलेली दोन समान वस्तुमाने कोणकोणत्या वारंवारितेने डोलतील? पुस्तक उघडायचे नाही, वेळेचे बंधन नाही. तिने चार दिवस घेतले. दुसऱ्या दिवशी चिन्हाच्या चुकीमुळे वर्गमुळात ऋण संख्या आली, तेव्हा ती स्वतःच म्हणाली, "असे असेल तर वस्तुमाने डोलणारच नाहीत, लांब पळत सुटतील." चौथ्या दिवशी √(k/m) आणि √(3k/m) ही दोन्ही उत्तरे मिळाली (k म्हणजे स्प्रिंगचा ताठरपणा, m म्हणजे वस्तुमान). एम.एस्सी.ला क्वांटम मेकॅनिक्समध्ये, म्हणजे अणूंच्या पातळीवरच्या भौतिकशास्त्रात, आयगेनव्हॅल्यूचे (अशा जोडलेल्या समीकरणांतून ठरावीक शक्य किमती शोधण्याचे) हेच गणित पावलोपावली लागते. उत्तरापेक्षा मला तो दुसरा दिवस महत्त्वाचा वाटला, कारण समीकरण चुकले हे तिला निसर्गाकडे पाहून कळले, आणि ९५ गुण मिळवणाऱ्या माझ्या अनेक विद्यार्थ्यांना ते कळत नाही.

प्रवेशाचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. आयआयटीच्या जॅम या एम.एस्सी. प्रवेश परीक्षेत तीन तासांत ६० प्रश्न, १०० गुण; क्रमांक त्या पेपरवरच ठरतो, बारावीच्या गुणांवर नव्हे.

खरी काळजी पुढची आहे. दोन वर्षे एम.एस्सी., मग पीएच.डी.ची पाच-सहा वर्षे, आणि एवढे करून नेट-सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा पास झालेली माझ्या ओळखीची कितीतरी मंडळी आजही तासिका तत्त्वावर, म्हणजे कायम नोकरीशिवाय तासागणिक मानधनावर, शिकवत आहेत. भाचीला मी जॅमचा फॉर्म भरायला सांगितला आहे. तिच्या आईला, म्हणजे माझ्या ताईला, हे तासिका तत्त्व म्हणजे काय ते अजून सांगायचे आहे.