जाळीदार वाण

अधिक महिन्यात जावयाला जाळीदार वस्तूचं वाण देतात. अनारसे, बत्तासे, असलं काहीतरी. तीस तीन तेहतीस, ताम्हनात मांडून, वर दिवा लावून. यंदा अधिक ज्येष्ठात सातारला गेलो, तेव्हा अनारसे मिळालेच. पण जेवून हात धुतोय तोवर आप्पा, म्हणजे माझे सासरे, टॉवेल घेऊन मागे उभे.

"जावईबापू, तुम्ही त्या लाइनीतलेच ना? जरा आमचं नेट बघता का?"

मी त्या लाइनीतला नाही. मी अकाउंट्सला आहे. पण लग्न जमवताना माझ्या बायोडाट्यात शेवटून दुसऱ्या ओळीत 'एमएस-सीआयटी उत्तीर्ण' असं छापलं होतं आणि ती ओळ या घरात कोणी विसरलेलं नाही. शिवाय आंतरजाल म्हणजे जाळीदार वस्तूच. नाही म्हणायला शास्त्राचा आधार नव्हता.

कॉम्प्युटर सुरू केला आणि पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातून पाहुणे यायला लागले. तुमच्या संगणकात पाच व्हायरस. अभिनंदन, तुम्ही फोन जिंकलात. गुडघेदुखीवर रामबाण तेल. मग पुन्हा व्हायरस. आप्पा प्रत्येक चौकट चष्मा सावरून शेवटपर्यंत वाचत होते आणि मगच बंद करत होते. ते हाडाचे मराठीचे मास्तर. "पाच व्हायरस आढळला," त्यांनी बोट ठेवून दाखवलं. "आढळले पाहिजे. इथेच मला संशय आला."

एवढे पाहुणे आले कुठून ते सेटिंगमध्ये गेल्यावर कळलं. हल्ली कुठल्याही साइटवर पाऊल टाकलं की ती विचारते, 'सूचना पाठवू का?' आपण 'नको' दाबतो. आप्पांनी आजवर कुणालाच 'नको' म्हटलेलं नव्हतं. "विचारून येतोय बिचारा, त्याला दारातून कसं घालवायचं?" परवानगी दिलेल्या साइटींची यादी उघडली. मी दोनदा मोजली. बरोबर तेहतीस. माझ्या ताम्हनातल्या अनारशांइतक्या. एकेक करून सगळ्यांना निरोप दिला. व्हायरसबियरस काही नव्हता.

आगाऊ चौकटींचा इतिहास मी आप्पांना सांगितला, कारण जावयाने अधूनमधून विद्वत्ता दाखवावी लागते. आपोआप उघडणाऱ्या जाहिरातीच्या खिडकीचा कोड लिहिला इथन झुकरमन नावाच्या माणसाने, १९९०च्या दशकात, ट्रायपॉड नावाच्या साइटवर काम करताना. एका मोटार कंपनीची जाहिरात नको त्या पानावर झळकली, कंपनी खवळली. म्हणून यांनी जाहिरातीला वेगळी खिडकी दिली, पानाशी संबंध नको म्हणून. २०१४ मध्ये त्यांनी लेख लिहून जगाची माफी मागितली.

"मागितली ना? मग झालं," आप्पा म्हणाले आणि विषय मिटवला.

जाहिरातींवर माझा एकच उतारा आहे: यूब्लॉक ओरिजिन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा, जाहिराती अडवणारा विस्तार (एक्स्टेंशन). रेमंड हिल या माणसाने तो २०१४ मध्ये लिहायला घेतला. फुकट आहे, कोड सगळ्यांसाठी खुला आहे, आणि हा माणूस देणगीसुद्धा घेत नाही. आप्पांचा यावर विश्वास बसेना. फुकट देणारा निदान सत्यनारायणाला तरी बोलावतो. त्यात आणखी गोची अशी की नुसतं 'यूब्लॉक' नावाचा दुसराच प्रकार आहे, नाव सारखं आणि घराणं वेगळं. हे मात्र आप्पांना चटकन समजलं. कंदी पेढ्यांच्या गावात राहणाऱ्याला 'आमची कोठेही शाखा नाही' याचा अर्थ शिकवावा लागत नाही.

पण त्यांच्या क्रोमने हे ओरिजिन घ्यायला नकार दिला. गुगलने मध्यंतरी विस्तारांचे नियम बदलले, त्यात याचा पूर्ण अवतार क्रोममधून बाद झाला आणि 'लाइट' नावाचा पथ्याचा अवतार उरला. पथ्याचं खायला मी सासुरवाडीला आलो नव्हतो. फायरफॉक्स नावाचा दुसरा ब्राउझर उतरवून घेतला. त्यात पूर्ण अवतार चालतो.

इथे घरात पहिला खटका उडाला. आप्पांच्या लेखी इंटरनेट म्हणजे क्रोमचा तो रंगीत भोवरा. त्याच्या आधी निळा 'ई' होता, तो गेला तेव्हाही त्यांनी आठवडाभर सुतक पाळलं होतं. आता भोवऱ्याच्या जागी पृथ्वीला शेपटीने विळखा घातलेला नारिंगी कोल्हा. सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अहो, सकाळी सकाळी कोल्ह्याचं तोंड?" शेवटी मी चिन्ह तसंच ठेवून खाली 'इंटरनेट' असं नाव लिहिलं. वाद मिटला.

मग त्यांच्या नेहमीच्या बातम्यांचं पान उघडलं. ओरिजिनच्या बारक्या ढालीवर आकडा चढत गेला. बारा, एकोणतीस, सत्तेचाळीस. इतक्या मागण्या त्याने दारातच अडवल्या. "याच्याकडे जाहिरातवाल्यांच्या पत्त्यांची यादी असते, त्या पत्त्यावर आपला ब्राउझर जायच्या आतच हा अडवतो," मी म्हणालो. "म्हणजे सोसायटीचा वॉचमन," आप्पा म्हणाले. मग एफ नाइन दाबून वाचनदृश्य दाखवलं: डावं-उजवं सगळं गायब, फक्त मजकूर, अक्षर हवं तेवढं मोठं, मागे पिवळसर कागदाचा रंग. आप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हा तर छापील अंक झाला." मला वाटतं, माझ्या लग्नानंतरचं हे त्यांनी मला दिलेलं पहिलं प्रमाणपत्र.

पासवर्डच्या बाबतीत मात्र मी हरलो. त्यांचे पासवर्ड भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या खाड्यांशेजारी, पेन्सिलीने. मी बिटवॉर्डन सुचवलं. फुकट आहे, सगळे पासवर्ड कुलपात, लक्षात ठेवायचा फक्त एक. "आणि तो एक कुठे लिहायचा?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तसं बघितलं तर कॅलेंडर फार वाईट नाही. चोराला ते वाचायला सातारला यावं लागेल, आणि आला तर सासूबाई त्याला चहा दिल्याशिवाय सोडणार नाहीत. अडचण एकच, दर जानेवारीत जुनं कॅलेंडर रद्दीत जातं आणि आप्पा 'पासवर्ड विसरलात?' या दुव्यावर पुन्हा जन्म घेतात.

उठता उठता ते हळूच म्हणाले, "एक माझं पत्र होतं हो. २००३ सालचं. 'सातारचे' बरोबर की 'साताऱ्याचे', यावर. एका वर्तमानपत्राच्या साइटवर आलं होतं. आता ते पानच नाही म्हणतंय."

पत्ता जुन्या कॅलेंडरच्या मागे होता, हे एक रद्दीतून वाचलेलं. इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये तो टाकला. हे लोक १९९६ पासून जगभरची पानं साठवतायत, फुकट बघायला देतात. वर वर्षांची पट्टी आली, २००३ वर टिचकी मारली, आणि पान उघडलं. सगळीकडे टोप्या घातलेली, टिंबं लावलेली रोमन अक्षरं. आप्पा म्हणाले, "हे मी लिहिलेलं नाही."

लिहिलेलं त्यांचंच होतं. त्या काळी प्रत्येक वर्तमानपत्राचा फॉन्ट वेगळा, आधी तो उतरवून घ्यायचा आणि मग बातमी वाचायची. फॉन्ट नसेल तर मराठीच्या जागी ही टोप्यांची जत्रा. जुन्या फॉन्टचं युनिकोड, म्हणजे आजची सगळीकडे चालणारी देवनागरी, करून देणारी पानंही फुकट मिळतात. मजकूर डकवला, बटण दाबलं आणि तेवीस वर्षांपूर्वीचे आप्पा खणखणीत देवनागरीत बोलायला लागले. सासूबाई हात पुसत बाहेर आल्या. मला अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं झालं.

आप्पा खालपर्यंत वाचत गेले. सहीपाशी थांबले. "शक्षिक?"

जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकत, युनिकोडात ती नंतर येते. रूपांतरात ती अशी एक घर पुढे सरकते. मी समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, कागद ओढला आणि संपादकांना खुलासा लिहायला बसले.

पुण्याला परतल्यावर आठव्या दिवशी फोन. नेट उत्तम चाललंय, कोल्हाही गुणी आहे. मग जरा थांबून, "जावईबापू, तो गुडघ्याच्या तेलवाला रोज नऊच्या सुमाराला यायचा. हल्ली येत नाही."

"त्याला मीच थांबवलं, आप्पा."

"हं. आईला त्याचा नंबर कॅलेंडरवर लिहून घ्यायचा होता." पुन्हा शांतता. "असं करा, बाकीचे बत्तीस राहू द्या बाहेरच. याला तेवढा आत घ्या."