तारखेचा पॅरामीटर आणि कास्ट: एका प्रतिक्रियेला उत्तर

पोस्टग्रेस या डेटाबेसच्या क्वेरीत तारखेच्या पॅरामीटरला ($1, म्हणजे क्वेरीत बाहेरून भरायची किंमत) कास्ट लावा, म्हणजे त्याचा टाइप $1::डेट असा स्पष्ट लिहा, असं मी लेखात म्हटलं होतं. त्यावरच्या तुमच्या प्रतिक्रियेत मुख्य मुद्दा एकाच वाक्यात आहे: "कॉलम डेट आहे हे पोस्टग्रेसला दिसतं, मग तारखेच्या पॅरामीटरला कास्ट लावणं हा अडाणीपणा." बाकी इंडेक्सबद्दल एक शेरा आणि उपदेश, मॅन्युअल वाचा म्हणून. मतभेदाचं मला वावडं नाही, पण ‘अडाणीपणा’ हा शब्द लिहिण्याआधी लेख शेवटपर्यंत वाचायला हवा होता. 12 वर्षं बिलिंगच्या क्वेरी लिहितोय. मॅन्युअलचं ते प्रकरण मला नवं नाही.

एक मान्य. ‘प्रत्येक पॅरामीटरला कास्ट लावा’ हे वाक्य सैल होतं. साध्या बिल_तारीख >= $1 ला कास्ट लागत नाही. दुरुस्ती केली आहे.

आता तुमचं ते वाक्य. पोस्टग्रेस नुसता कॉलम बघत नाही, ऑपरेटर (वजा, बरोबर अशी क्रिया) कुठल्या टाइपांचा ते ठरवतं. टाइप न सांगता आलेला $1 त्याच्या लेखी ‘अननोन’ असतो, आणि ऑपरेटरची एक बाजू अननोन असली की ते आधी दोन्ही बाजू एकाच टाइपच्या धरून बघतं. नोड (जावास्क्रिप्ट) मधून पोस्टग्रेसशी बोलणारी पीजी लायब्ररी टाइप पाठवत नाही. त्यामुळे तिथून बिल_तारीख - $1 मध्ये सात दिवस वजा करायला 7 पाठवलात, तर ‘डेट वजा डेट’ निवडलं जातं आणि ‘7’ ही तारीख नाही म्हणून एरर येते. नाऊ() - $1 ला ‘7 डेज’ दिलंत तरी तेच. इथे अनुक्रमे $1::इंट (पूर्णांक) किंवा $1::इंटरव्हल (कालावधी) लिहावंच लागतं. (इंटरव्हल $1 चालत नाही, ती रचना फक्त क्वेरीत थेट लिहिलेल्या किमतीसाठी आहे.)

ऐच्छिक फिल्टर घ्या, म्हणजे तारीख दिली नाही (नल) तर सगळ्या ओळी: $1 इज नल ऑर बिल_तारीख >= $1. टाइप पहिल्या उल्लेखावरून ठरतो आणि ‘इज नल’ला कुठलाही टाइप चालतो, म्हणून पॅरामीटरचा टाइप ठरवता आला नाही अशी एरर. कास्ट पहिल्याच उल्लेखाला हवा: $1::डेट इज नल. जेडीबीसीत (जावातून डेटाबेसशी बोलायची पद्धत) $1 ऐवजी प्रश्नचिन्ह लिहितात आणि प्रत्येक प्रश्नचिन्हाला वेगळा क्रमांक मिळतो, त्यामुळे दुसऱ्यावरून पहिल्याचा टाइप कळण्याचा प्रश्नच नाही.

सगळ्यात वाईट चूक एररशिवाय होते. जावाच्या ड्रायव्हरमध्ये सेटडेट टाइप सांगतच नाही, सेटस्ट्रिंग व्हारकॅर सांगतं, आणि ऑफसेटडेटटाइम (+05:30 सारख्या फरकासह वेळ) दिलंत की टाइमस्टॅम्पटीझेड (टाइमझोन लक्षात घेणारा वेळेचा टाइप) जातो. ड्रायव्हर सेशनचा टाइमझोन जेव्हीएमकडून (जावा प्रोग्राम चालवणारी यंत्रणा) घेतो. ॲप चालतं त्या सर्व्हरवर तो यूटीसी असेल, तर कॉलममधली 15 जानेवारी म्हणजे 15 तारखेचे 00:00 यूटीसी; तुमचं 15 जानेवारी 00:00 +05:30 मात्र 14 तारखेचे 18:30 यूटीसी. बिल_तारीख = $1 ला एकही ओळ मिळत नाही. इथे $1::डेट सुद्धा वाचवत नाही, तो 14 तारीख देतो. लोकलडेट (वेळ आणि टाइमझोन नसलेली नुसती तारीख) पाठवा. लेखात हे होतं, तुम्ही तिथवर पोचला नाहीत.

कास्टने इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) वाया जातो म्हणता, तो कॉलमवरच्या कास्टने, पॅरामीटरवरच्या नाही.