ऑप्शनल शे, पन भरनंच पडस

परवा अमळनेरला एका दाखल्याचा ऑनलाइन अर्ज भरायला गेलो. 'दुसरा मोबाइल नंबर', पुढे 'ऑप्शनल'. लाल चांदणीही नव्हती. सोडला रिकामा. अर्ज पुढे सरकेना.

"दुसरा नंबर सांगा," काउंटरवरचा पोरगा म्हणाला.

"ऑप्शनल आहे ना?"

"हो. सांगा."

मागे एक बापू उभे होते. पांढरी टोपी, काखेत खताच्या पिशवीत गुंडाळलेले कागद. त्यांचं काम कधीच उरकलं होतं. पंखा होता म्हणून थांबले होते.

"पोऱ्या, ऑप्शनल म्हंजे काय रे भो?"

"बापू, भरनंच पडस. पन चुकीचं भरं तरी चालस."

बापूंनी टोपी काढून डोकं खाजवलं, टोपी परत घातली. "आसं! लगीनमा पोऱ्याले इचारतस, तसं शे मंग!"

अख्खी रांग हसली. मी सोडून. त्यावर बापू उदार झाले. "मन्हा नंबर टाकी दे." बटणांचा फोन निघाला. आणि ओटीपी, जो माझ्याकडे यायला हवा, तो गेला बापूंकडे.

"कोन्ही तरी सहा आकडा धाडेल शेतस," म्हणत त्यांनी ते खणखणीत आवाजात रांगेला वाचून दाखवले. सट्ट्याचे असतील म्हणून मागच्या एकाने लिहूनही घेतले.

'ऑप्शनल' सक्तीचं निघावं, यात तसं नवल नाही. माझा भाचा धुळ्यात यूपीएससीचा अभ्यास करतो. मुख्य परीक्षेत 'ऑप्शनल' विषयाचे दोन पेपर, ५०० गुण, आणि न घेण्याची सोय नाही. १८ व्या शतकात इंग्लंडमध्ये विल्यम ब्लॅकस्टोन नावाच्या कायदेपंडिताने 'ऑप्शनल' हुकूमनाम्याचा अर्थच असा दिलाय: सांगितलंय ते कर, नाहीतर का केलं नाहीस ते येऊन सांग. म्हणजे पोरगा परंपरेला धरूनच बोलत होता. माझी जिरली ती कायदेशीर!

पण ज्या अमळनेरात १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर निघालं, तिथं माणसाच्या इच्छास्वातंत्र्याचा निकाल एका रकान्याने लावावा? भरूनच घ्यायचं तर चांदणी द्या ना. शाईसुद्धा लागत नाही तिला. आधी 'तुमची मर्जी' म्हणायचं आणि मर्जी दाखवली की माणूस आडमुठा, रांग खोळंबवणारा.

आता दाखला तयार झाल्याचा मेसेजही बापूंनाच जाणार, असं पोरगा म्हणतो. बापूंचं गाव कोणतं, हे अर्जात कुठेच विचारलेलं नव्हतं. ऑप्शनल म्हणूनसुद्धा नाही.