हा फक्त इन्कम टॅक्सचा हिशोब झाला

'इन्कम टॅक्सचा मोठा वाटा मूठभर श्रीमंतच भरतात, बाकीचे फुकटे' हे लेखातलं वाक्य वाचून डोकंच फिरलं. अहो जीएसटीचं काय? सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती उचलणारा हमाल मोबाईलचा रिचार्ज मारतो तेव्हा 18 टक्के भरतोच की, आणि पेढीचा मालक पण तेवढेच भरतो. रिटर्न भरत नाही म्हणून हमाल फुकटा झाला का?

मी टॅक्स कन्सल्टंटच्या ऑफिसात रिटर्न भरायचं काम करतो. पगारदार मास्तर फॉर्म 16 (पगार आणि कापलेल्या टॅक्सचा दाखला) घेऊन येतात, टीडीएस म्हणजे पगारातूनच टॅक्स आधीच कापलेला, लपवायला जागाच नाही. आणि तासगावकडं थोडी द्राक्षबाग असलेले एखादे मोठे साहेब येतात, अवकाळीनं शेजारच्या बागा डाऊनी रोगात गेल्या त्या वर्षी पण कागदावर ह्यांच्या बागेत बेदाणा विक्रमी, दुसरी कमाई शेतीची म्हणून दाखवायची, कारण शेतीचं उत्पन्न करमाफ, फार तर बाकीच्या कमाईचा दर ठरवताना धरतात. खरा बागायतदार मात्र फवारणीच्या बहुतेक औषधांवर 18 टक्के जीएसटी भरतो, तो परत मिळत नाही आणि वर दुकानदाराची उधारी. (शेतीवर टॅक्स लावा असं म्हणत नाहीये, लगेच अंगावर येऊ नका.)

आणि पगारावर 30 टक्क्यांपर्यंत स्लॅब, पण लिस्टेड (शेअर बाजारात नोंदलेले) शेअर वर्षभर ठेवून विकले तर सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर 12.5 टक्के, ते लेखात कुठंच नाही. वारसा कर 1985 लाच गेला, संपत्ती कर 2015 च्या बजेटमध्ये काढला, त्यावर पण एक ओळ नाही.